स्लो कुकरात रात्रभर ठेवूनही हरभरे कडकच राहतात: हिवाळ्यातल्या तक्रारीची उकल

थंडी पडली की हा प्रश्न दर वर्षी येतो. रात्री दहाला भिजलेले हरभरे, पाणी, कांदा, टमाटे, मीठ-मसाला सगळं स्लो कुकरात, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात घालून ‘लो’वर ठेवलं, सकाळी सहाला झाकण काढलं तर रस्सा गरम, वरचं टमाटं विरघळलेलं आणि हरभरा दाताखाली कचकन वाजतो. मग आणखी दोन तास ठेवतात, तरी फरक नाही. डबे तर साडेसातला जायचे असतात.

ज्यांच्यासमोर आत्ता असं भांडं आहे त्यांनी आधी एवढं करावं. रस्सा नुसता कोमट असेल तर टाकून द्या, कारण खाली येईलच. वाफाळता असेल तर सगळं प्रेशर कुकरमध्ये काढा, खायच्या सोड्याची चिमूट टाका, सात-आठ शिट्ट्या करा. टमाट्यामुळे वेळ जास्त लागेल, पण शिजेल. कारण निवांत शोधू.

कारण बहुतेक घरांत एकच निघतं: पहिला तास थंड गेलेला असतो. बाकीची कारणं आहेत, ती खाली येतीलच, पण पहिला तास सुधारला तर निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच संपतात असा माझा अनुभव आहे. आणि मराठवाड्यात हा पहिला तास थंड जाण्याची कारणं पुण्या-मुंबईपेक्षा जास्त आहेत.

हे यंत्र मुळात कडधान्यासाठीच निघालं. शिकागोच्या अरविंग नॅक्सन यांनी त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळवलं आणि पुढे आपल्या भांड्याचं नावही ‘बीनरी’ ठेवलं. त्यांच्या आईच्या माहेरी, लिथुआनियातल्या ज्यू वस्तीत, शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी घेवड्यासारख्या दाण्यांचं आणि मांसाचं कालवण गावच्या भट्टीत ठेवायचे आणि ते रात्रभर शिजायचं. हेच भांडं रायव्हल कंपनीने १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणलं. तेव्हा ‘या यंत्रात कडधान्य शिजतच नाही’ हे म्हणणं बरोबर नाही. पण एक फरक ध्यानात घ्या. भट्टी दिवसभर पाव भाजून तापलेली असायची, भांडं आत जायचं तेव्हा उष्णता भरपूर आणि मग हळूहळू कमी. आपल्याकडे चुलीच्या वैलावर भगुनं सरकवायचे, तेसुद्धा उकळी आल्यावरच. स्लो कुकर बरोबर उलटा चालतो. तो गार सुरू होतो आणि तीन-चार तासांनी तापतो.

या तीन-चार तासांत दाण्यात काय होतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. उकळत्या पाण्यात पेक्टिन सुटतं, दाणा मऊ होतो. पण पाणी साधारण ५५ ते ६५ अंशांत रेंगाळलं तर दाण्यातलंच एक एन्झाइम जागं होतं, पेक्टिनची रचना बदलतं, आणि मग पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला घट्ट बांधून टाकतं. एकदा ही बांधणी झाली की नंतर पाणी ९० अंशांवर गेलं तरी दाणा लवकर दाद देत नाही. म्हणून ‘अजून दोन तास ठेवू’चा उपयोग होत नाही. गाजर, बटाटा यांचंही असंच होतं. रात्रभर ठेवूनही गाजर कुरकुरीत राहिलं अशी तक्रार येते ती याचमुळे.

आता व्होल्टेज

माझी एक नणंद औशाकडच्या गावात असते. तिचा फोन आला, “वहिनी, हरभरे काही केल्या शिजत नाहीत, कुकर खराब निघाला वाटतं.” मी विचारलं, “ताई, रात्री तुमच्याकडं बल्ब पिवळा पडतो का?” पडत होता. थंडीत गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी शेतात मोटारी चालतात, डीपीवर लोड येतो, आणि गावातलं व्होल्टेज २३० चं १८० वर येतं. कुठे त्याहूनही खाली.

व्होल्टेज थोडं उतरलं तर उष्णताही थोडीच उतरेल असं वाटतं, तसं नाही. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० ला २०० वॉट देणारा कुकर १९० व्होल्टला सुमारे १३६ वॉट देतो, १८० ला १२२. म्हणजे व्होल्टेज पाव भागाहून कमी उतरलं आणि आच जवळजवळ चाळीस टक्क्यांनी गेली. वर परभणीसारखा गारठा; तिथे कृषी विद्यापीठाच्या नोंदीत काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या खाली गेलेला आहे. ओटा गार, खिडकीतून वारं, टाकीचं पाणी बर्फासारखं. असं भांडं ‘लो’वर रात्रभर सत्तर-पंचाहत्तर अंशांवरच अडकून राहू शकतं. दाणा शिजत नाही हा त्यातला लहान प्रश्न. मोठा प्रश्न असा की तिथवर पोचायलाच फार वेळ जातो, आणि ६० अंशांच्या खाली अन्न तासन्‌तास राहिलं तर त्यात जंतू वाढतात.

म्हणून आधी पाण्याची चाचणी करा, कुकर बदलायच्या आधी. भांडं नळाच्या साध्या पाण्यानं निम्मं भरा, झाकण लावा, ‘लो’वर आठ तास ठेवा. तुम्ही जेव्हा स्वयंपाक लावता त्याच वेळी ठेवा, दुपारी मोकळ्या वेळेत नको, कारण दुपारचं व्होल्टेज वेगळं असतं. आठ तासांनी झाकण उचलून लगेच स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवा. ८५ ते ९३ अंशांच्या दरम्यान आलं तर यंत्र आणि वीज दोन्ही ठीक. ८५ च्या खाली आलं तर त्या वेळी त्या घरात ‘लो’ वापरूच नका. ‘हाय’वर पुन्हा हीच चाचणी घ्या. बऱ्याच कुकरमध्ये ‘लो’ आणि ‘हाय’ शेवटी जवळजवळ एकाच तापमानाला पोचतात, फरक पोचायच्या वेळेचा असतो. त्यामुळे कमी व्होल्टेजच्या घरात ‘हाय’ हेच तुमचं ‘लो’ समजा. ‘हाय’सुद्धा तोकडं पडलं तर फ्रिजला लावतात तसला लहान स्टॅबिलायझर पुरतो, लोड दोन-तीनशे वॉटचाच आहे.

प्रेशर कुकर, भात आणि स्लो कुक असं सगळं एकात करणारा मल्टीकुकर असेल तर आणखी जपून. खऱ्या स्लो कुकरमध्ये आच भांड्याच्या बाजूंनी लागते. मल्टीकुकरमध्ये ती फक्त बुडातून येते आणि त्याचं ‘लो’ अनेकदा जास्तच गार असतं. चाचणी घेतल्याशिवाय त्यात रात्रभर काहीही ठेवू नये.

पण व्होल्टेज कितीही असो, पहिला तास तुमच्या हातात आहे. भिजलेले हरभरे गॅसवर भगुन्यात ताज्या पाण्यात घाला, खळखळून उकळी आणा, दहा मिनिटं उकळू द्या. तोवर स्लो कुकरचं भांडं ‘हाय’वर रिकामं न ठेवता थोड्या गरम पाण्यासह तापवा. मग उकळतं कालवण त्यात ओता, झाकण लावा. दाण्याला त्या ५५-६५ च्या पट्ट्यात थांबायला वेळच मिळत नाही. गॅस पेटवायचाच तर स्लो कुकर कशाला, असं सासूबाई विचारतील. दहा मिनिटांचा गॅस आणि पुढचे सात तास निर्धास्त झोप, म्हणून.

जड पाणी

आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपतं आणि बऱ्याच गावांत जड असतं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, साबणाला फेस नाही, स्टीलच्या हंड्यावर डाग, ही खूण पुरेशी आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियमच वर सांगितलेली बांधणी करतं. प्रेशर कुकर १२० अंशांच्या आसपास जाऊन ती बांधणी मोडतो, म्हणून त्यात जड पाणी खपून जातं. स्लो कुकर माफ करत नाही.

भिजवायला आणि शिजवायला आरओचं पाणी घ्या. ते नसेल तर पाणी आधी उकळून, निवू देऊन वरचं निवळ ओतून घ्या. बराचसा जडपणा खाली बसतो. आणि भिजवताना मीठ टाका. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा, रात्रभर, सकाळी ते पाणी फेकून दाणे धुवायचे. मिठानं कडधान्य कडक होतं ही समजूत घराघरांत आहे, ती भिजवण्याच्या बाबतीत चुकीची आहे. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल लवकर मऊ होते. सोडा मात्र बेताचा: पाव किलो हरभऱ्याला पाव छोटा चमचा, जास्त नाही. त्यापुढे चव साबणासारखी लागते आणि बी-१ जीवनसत्त्व जातं.

दाणा कोणत्या सालचा आहे?

हे कुणी विचारत नाही, आणि मला वाटतं इथेच आपल्या भागातली खरी गोम आहे. हरभरा निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. डिसेंबरात आपण जो हरभरा भिजवतो तो मार्चचा, म्हणजे त्यानं एप्रिल-मेचा चाळीस-बेचाळीस अंशांचा उन्हाळा पत्र्याच्या खोलीत काढलेला असतो आणि वर पावसाळ्याची दमटही खाल्लेली असते. अशा साठवणीत दाणा आतून कडक होत जातो, भिजून फुगतो पण शिजत नाही. उलट हुलगे, मटकी ही खरिपाची, दिवाळीच्या आगेमागे आलेली, ताजी. तूरही डिसेंबर-जानेवारीत नवी येते. थंडीत स्लो कुकरात काही लावायचंच तर हुलग्याचं कालवण, मटकी, नव्या तुरीचं वरण यांना पहिली पसंती द्या. हरभरा जुना असेल तर मिठाच्या पाण्यात बारा तास, आणि दहा नव्हे वीस मिनिटं उकळी. दोन वर्षांचा असेल तर सरळ दळून बेसन करा.

भिजल्यावर गणंग निवडा. जे दाणे फुगलेच नाहीत, बोटाला खड्यासारखे लागतात, ते सात तासांत शिजणार नाहीत आणि एक जरी दाढेखाली आला तरी जेवणाचा रंग जातो.

आंबट शेवटी

टमाटं, चिंच, आमसूल, ताक, काहीही आंबट सुरुवातीला घालायचं नाही. आंबटपणा पेक्टिनला धरून ठेवतो. गुळाचंही तेच, त्यात कॅल्शियमही असतं. दाणा बोटानं चिरडला गेला की मग टमाटं-चिंच घाला आणि पुढचा तासभर मुरू द्या. एवढं एक बदललं तरी काही घरांत फरक पडतो.

राजमा: इथे सवलत नाही

लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. उकळत्या पाण्यात ते नष्ट होतं, पण ८० अंशांच्या आसपास अर्धवट तापवलं तर ते कच्च्या दाण्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतं. थोडे दाणे खाऊनही एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या, मग जुलाब. राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, आणि मगच स्लो कुकरात घाला. मुलांच्या डब्यात जाणार असेल तर मी म्हणेन प्रेशर कुकरच वापरा. ‘मऊ झालाय’ ही खूण इथे चालत नाही.

रस्सा पाणचट होतो

झाकणाखालची वाफ पुन्हा आतच पडते, काही उडून जात नाही. गॅसवरच्या मापानं पाणी घातलं की रस्सा सूप होतो. कडधान्याला दाणे बुडून वर दोन बोटं पाणी पुरे. मटणाला तर नेहमीच्या निम्मं.

दाटपणासाठी आपल्याकडे येसर आहे, बाहेरून काही आणायची गरज नाही. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले एकत्र दळलेलं ते पीठ लग्नाच्या पंगतीतल्या आमटीला जे अंग देतं तेच इथे देतं. मात्र ते कोरडं भुरभुरलं तर गाठी होतात. वाटीभर कोमट पाण्यात कालवून, शेवटच्या पाऊण तासात, ‘हाय’वर घाला आणि दोनदा ढवळा. येसर नसेल तर शेंगदाण्याचं कूट आणि भाजलेलं खोबरं वाटून घाला.

मसाल्याची चव मेल्यासारखी लागते, ही तक्रारही याच्याच जोडीनं येते. कच्चा कांदा-लसूण स्लो कुकरात परतला जात नाही, नुसता उकडतो. त्याला कांदा लाल होण्याइतकी आच मिळतच नाही. करडीच्या तेलात कढईत कांदा, आलं-लसूण, काळा मसाला तेल सुटेपर्यंत परतून मगच आत घाला. लवंग, दालचिनी निम्मी, सात तासांत ती कडवट चढते. आणि वाढायच्या आधी वरून लसूण-लाल मिरचीची एक चुरचुरीत फोडणी. ही फोडणी वगळू नका, तिच्याशिवाय स्लो कुकरचं कालवण दवाखान्यातल्या जेवणासारखं लागतं.

मटण

मटणाला हे यंत्र खरोखर मानवतं. हाडाजवळच्या चिवट पडद्यांचं जिलेटिन व्हायला मंद आच आणि वेळ लागतो, तो इथे मिळतो. छत्रपती संभाजीनगरच्या नान-खालियातला खालिया किंवा थंडीतला पाया, दोन्ही याच जातीचे. मसाल्यात परतून, एक उकळी आणून, मग ‘लो’वर सात-आठ तास. बर्फाचा गोळा झालेलं मटण कधीही थेट टाकू नका. आतला भाग कित्येक तास गारच राहतो. भांडं निम्म्यापेक्षा कमी आणि तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नये. झाकण काढून पाहायचा मोह आवरा. दर उघडण्याला वीस-तीस मिनिटांची आच जाते, आणि कमी व्होल्टेजच्या घरात त्याहून जास्त.

येळवशीची भज्जी

लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात भज्जी (सोले, भाज्या आणि बेसनाचं कालवण), आंबील, बाजरीचे उंडे असतात, आणि हल्ली शहरात राहणारे लोक रात्रीच भज्जी स्लो कुकरात लावून सकाळी शेतात न्यायचा बेत करतात. बेत चांगला आहे. भज्जी बिघडते ती चार ठिकाणी. हिरव्या तुरीचे आणि हरभऱ्याचे सोले, वाटाणा, घेवडा, शेंगदाणे हे आधी उकळी आणून आत जाऊ द्या, गाजर-वांगी त्यावर. पालेभाजी रात्री घातली तर सकाळी तिचा नुसता रंग उरतो, ती शेवटच्या अर्ध्या तासात. चिंचेचा कोळ सोले मऊ झाल्यावर. आणि बेसन ताकात किंवा पाण्यात गुठळी न ठेवता कालवून, गॅसवर एक चटका देऊन घाला, नाहीतर बेसनाचा कच्चट वास सबंध भांड्याला लागतो. मोठ्या कुटुंबाची भज्जी पाच लिटरच्या भांड्यात मावत नाही. कोंबून भरू नका, अर्धी गॅसवर करा. आंबील मात्र यात नको, ताक फुटतं.

शेंगोळ्यांबद्दलही विचारतात. हुलग्याच्या पिठाची कडी खळखळत्या पाण्यात पडली तरच बाहेरून बांधली जाते. स्लो कुकरात ती विरघळून पिठलं होतं. शेंगोळे गॅसवरच करा आणि गरम ठेवायला ‘वॉर्म’ वापरा. ‘वॉर्म’ शिजलेलं गरम ठेवायला आहे. त्यावर कच्चं शिजवू नये, आणि फ्रिजमधलं शिळंही तापवू नये. शिळं गॅसवर उकळून मग आत ओता.

लाईट गेली तर

घेतानाच फिरवायच्या बटणाचा घ्या. लाईट येताच तो आपोआप पुन्हा तापू लागतो. डिजिटल कुकर अनेकदा लाईट आल्यावर बंदच राहतो, आणि तुम्ही झोपेत असता. घरात इन्व्हर्टर असेल तर दोनशे वॉटचा कुकर त्यावर चालतो, पण बॅटरी झपाट्यानं उतरते. रात्रीचा पंखा-लाईट वजा जाता किती वेळ पुरेल ते आधी बघून ठेवा.

तुम्ही जागे असाल आणि अन्न अर्धवट शिजलेलं असेल तर वाट न पाहता गॅसवर पूर्ण करा. पूर्ण शिजलेलं असेल तर झाकण न उघडता, प्लग काढून, वरून जाड वाकळ पांघरा आणि दोन तासांच्या आत खाऊन टाका किंवा फ्रिजमध्ये ठेवा. प्लग लावलेला असताना पांघरूण अजिबात नको. आणि रात्री कधी लाईट गेली, किती वेळ गेली हेच माहीत नसेल, सकाळी फक्त घड्याळाचे आकडे लुकलुकताना दिसले, तर ते अन्न टाकून द्या, वास चांगला येत असला तरी. जिवावर येतं, मटण असेल तर फारच. पण काही जंतूंचं विष नंतर उकळूनही जात नाही. याचा सोपा बंदोबस्त म्हणजे गावातल्या भारनियमनाची वेळ बघून कुकर लावणं. रात्री वीज बेभरवशाची आणि दिवसा ठीक असेल तर सकाळी शाळा-ऑफिसाला निघायच्या आधी नव्हे, घरी कुणीतरी असताना लावा.

भांडं तडकण्याच्या तक्रारीही डिसेंबर-जानेवारीतच येतात. आतलं भांडं चिनी मातीचं असतं. तापलेलं भांडं गार ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलं, किंवा गरम भांड्यात टाकीचं गार पाणी ओतलं की बारीक चीर जाते आणि पुढच्या वेळी रस्सा खाली हीटरवर उतरतो. ओट्यावर लाकडी पाट किंवा दुमडलेलं फडकं ठेवा, आत नेहमी गरमच पाणी ओता. चीर दिसली तर ते भांडं पुन्हा तापवू नका. विजेवर चालणाऱ्या वस्तूत रस्सा झिरपणं धोक्याचं आहे. आतलं भांडं सुटं मिळत असेल तर ते बदला, नसेल तर त्यात कोथिंबीर लावा.